बकेट मी खाली टाकली नाही

मी बोलतेय. चेनवर चालणारी, तेलाच्या जोरावर माती उपसणारी, पिवळा रंग उडालेली खोदाईची मशीन. सुरुवातीलाच सांगते, माझं आजवर कुणी खरं मानलेलं नाही. मी आले तेव्हा ‘ही काय माती उचलणार’ म्हणाले. उचलून दाखवली तर ‘किती दिवस टिकेल’ म्हणाले. टिकून दाखवलं, तेव्हा खापर फोडायला बरी सापडले. तुम्ही तरी खरं माना, असा माझा काही आग्रह नाही. फक्त मधे बोलू नका.

माझी पणजी वाफेवर चालायची. पोटात भट्टी. कोळसा टाकायला एक माणूस, पाणी बघायला एक, लिव्हर ओढायला एक. तास-दीड तास तापवल्याशिवाय बाई जागची हलायची नाही. आजी डिझेलवर आली, पण दोर काही सुटला नाही. तारेचे मनगटाएवढे दोर, ते गुंडाळायला ढोल, ढोलाला ब्रेक. बकेट, म्हणजे माती भरायचं दातेरी खोरं, वर न्यायची तर दोर गुंडाळा, खाली आणायची तर सोडा. आता दोराने ओढता येतं, ढकलता येतं का? नाही. म्हणून कडक जमीन लागली की आजीची बकेट नुसती वरवर खरवडत बसायची, आणि चार माणसं कुदळी घेऊन तिच्या मदतीला जायची.

मग कुणाच्या तरी डोक्यात तेल आलं. डॉक्टरची सुई बघा. दट्ट्या दाबला की औषध पुढून बाहेर. तेच उलटं करायचं. मागून तेल जोरात आत ढकललं की दट्ट्या बाहेर सरकतो. तो दट्ट्या मांडीएवढा जाड केला की टनभर माती उचलतो, आणि नुसता उचलत नाही, जमिनीत दात घालून ढकलतोसुद्धा. तेलाची गंमत अशी, की ते दाबून लहान होत नाही. त्याला कोंडलं की ते समोरच्याला हलवून स्वतःची जागा करून घेतं. माझा स्वभावही तोच आहे.

माझ्या थोरल्या बहिणींचे फार हाल झाले. पाइप फुटायचे, तेल अडवणारी रबरी सीलं फाटायची, दिवसातून दोनदा कारंजी उडायची. ऑपरेटर संध्याकाळी घरी गेला की बायको आधी त्याला अंगणात उभा करून रॉकेलने पुसायची. पण कारखान्याने हट्ट सोडला नाही. पाइपात तारेची जाळी घातली, पंप बदलला, सीलं बदलली. चाळीस जणी अशा शिकण्यात गेल्या. मी एक्केचाळिसावी.

माझ्याबरोबर एक लाकडी पेटी आली. नट आवळायचे पाने, ग्रीस भरायची पिचकारी, जास्तीची सीलं आणि एक जाड पुस्तक. पेटी उघडली साहेबांनी. कामावरचे इंजिनिअर. चिखलाच्या कामावर दिवसातून दोनदा शर्ट बदलायचे. पँटच्या घडीवर टोमॅटो चिरता आला असता. सगळे त्यांना मागून इस्त्रीसाहेब म्हणायचे. साहेबांनी पुस्तक हातात तोललं, “बरंच लिहिलंय,” म्हणाले आणि टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं. एवढंच त्यांचं वाचन.

माझ्यावर ज्याला बसवलं त्याचं नाव दोरमास्तर. बावीस वर्षं त्याने दोराची मशीन चालवली होती. ती मोडीत काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याला माझ्या सीटवर आणून बसवलं. मग काय, सावत्र लेकीसारखं वागवणं. लिव्हर असा हिसकायचा की माझी हाडं खिळखिळी व्हायची.

“दोर हातात कळतो,” तो चहा पिताना सगळ्यांना सांगायचा. “दोर कुरकुरतो, ताणला जातो, तुटायच्या आधी चार वेळा सांगतो. हे तेल मुकं. मुक्याचा भरवसा काय?”

मी मुकी! सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझा पंप रडायचा, ते याला ऐकू येत नव्हतं.

ज्या एका माणसाला ऐकू यायचं ती ग्रीसवाली. तिचा नवरा आधी दोरमास्तरच्या हाताखाली होता. ढोलात हात सापडून तीन बोटं गेली, तो घरी बसला आणि ही त्याच्या जागी आली. नवरा स्वयंपाक करायचा, ही मला ग्रीस घालायची. चौथी शिकलेली. पाटी दिसली की ओठ हलवत एकेक अक्षर लावायची आणि शेवटपर्यंत गेल्याशिवाय तिथून हलायची नाही. बाकीचे तिला वहिनी म्हणायचे, दोरमास्तर पोरी म्हणायचा.

माझ्या अंगावर ग्रीस घालायच्या सव्वीस जागा. आधीच्या माणसाने त्यातल्या वीसच शोधल्या होत्या. हिने पहिल्याच आठवड्यात सव्वीसच्या सव्वीस काढल्या. ग्रीस घालताना सांध्यावर हात ठेवून उभी राहायची, आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा.

तिला माझ्यावर बसायचं होतं. लपवाछपवी नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेटरची परीक्षा होती, तिने अर्ज भरला आणि भरल्याचं सगळ्यांना सांगितलं.

“पोरी,” दोरमास्तर म्हणाला, “मशीनला ग्रीस घालणं वेगळं, मशीनवर बसणं वेगळं.”

“हो ना मास्तर. बसल्यावर कंबर दुखत नसेल.”

सगळे हसले. तोही हसला. पण तिचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता आणि त्यावर साहेबांची सही व्हायची होती.

आता मुद्द्यावर येते.

दोराच्या मशीनवाल्यांची एक रीत होती. काम सुटलं की बकेट उंच टांगून जायचं. ढोलाला लोखंडी खुंटी असते, ती खटकन लावली की बकेट महिनाभर वर राहिली तरी हलत नाही. टांगण्याला कारणं होती. खाली ठेवली तर चोर दात काढून नेतात, पोरं आत बसून खेळतात. पण खरं कारण मान. ज्याची बकेट जमिनीवर लोळतेय तो ऑपरेटर आळशी. लांबून येणाऱ्याला बकेट ताठ मानेने उभी दिसली पाहिजे.

दोरमास्तरने मला तसंच टांगायला सुरुवात केली. माझ्यात खुंटी नव्हती. माझी बकेट वर धरायचं काम एकट्या तेलाचं. लिव्हरखाली एक दांडी असते, ती तेलाची वाट अडवते. पण दांडी आपल्या घरात सरकायला हवी, म्हणजे केसाएवढी फट आली. त्या फटीतून तेल झिरपतं. थेंब थेंब. तेल तापून पातळ झालं की जरा भरभर. आणि जेवढं तेल झिरपेल तेवढी बकेट खाली. यात लाजण्यासारखं काही नाही. माणूससुद्धा हात वर करून तासभर उभा राहिला तर हात खाली येतो. कारखान्याला हे ठाऊक होतं. पुस्तकात लिहिलं होतं, चित्र काढून: काम थांबलं की बकेट जमिनीवर टेकवा.

पुस्तक कुठे होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

ग्रीसवालीला मात्र पुस्तकाशिवाय कळलं. ती जेवायला माझ्यासमोरच्या भिंतीच्या सावलीत बसायची. एकदा डबा उघडताना तिने बघितलं, माझे दात भिंतीच्या सातव्या विटेसमोर. डबा धुऊन आली तर सहाव्या विटेसमोर. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम मोजलं. पुन्हा एक वीट.

“मास्तर, बकेट आपली आपण खाली येते.”

“ऊन लागलं का तुला?”

“विटा मोजल्यात मी.”

“मग गवंडीकाम कर. चांगल्या मोजतेस.”

ती साहेबांकडे गेली. ते शर्टाच्या बाहीवरचा ठिपका बघत होते. “बाई, तुझं काम ग्रीस घालणं. डोकं घालणं नाही,” म्हणाले.

ती दोनदा सांगून गप्प बसली नाही, हे आधीच नोंदवते. चौथ्या वेळी साहेबांनी तिला दारातूनच परतवून लावलं.

तेव्हा आम्ही एका अरुंद रस्त्यावर सांडपाण्याच्या नळासाठी चर खणत होतो. दोन्ही बाजूंना घरं, दुकानं. चरात मधोमध पिण्याच्या पाण्याचा जुना बिडाचा नळ आडवा गेलेला, खालची माती काढल्यामुळे अधांतरी. सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत काम चाललं. सुटताना बकेटमध्ये ओली चिकणमाती गच्च भरलेली. ट्रक येणार होता, आला नाही. बाजूला वळवून टांगावं तर लोकांच्या दारात. दोरमास्तरने भरली बकेट तशीच चरावर उंच टांगली, इंजिन बंद केलं आणि लांबून एकदा मान वळवून बघितलं. छान दिसत होते मी. खाली नळ होता.

मी सकाळपासून राबलेली, तेल पाण्यासारखं पातळ झालेलं, आणि हातावर टनभर चिखल. सुटायच्या भोंग्यापासून मी खाली येऊ लागले. मी ओरडले असते हो! पण इंजिन बंद असलं की माझ्या तोंडाला कुलूप.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ग्रीसवाली आली. तिचं रोजचंच होतं, सुट्टीलासुद्धा येऊन सांधे बघून जायची. मागच्या बाजूच्या चेनला ग्रीस घातलं, फडकं माझ्या केबिनच्या पायरीवर विसरली आणि घाईने गेली, नवऱ्याला औषध आणायचं होतं. पुढे येऊन बकेटकडे तिने बघितलं नाही. हे ती स्वतःच नंतर बोलून दाखवायची, म्हणून मीही सांगते.

रात्री गार पडून मी थबकले होते, दुपारी ऊन चढलं तसं तेल पुन्हा पातळ झालं आणि माझे दात नळावर टेकले. थोडा वेळ नळाने धरलं. मग फुटला.

पाण्याने चराची बाजू धुतली. फुटपाथ गेला. शिंप्याच्या दुकानाची पायरी आणि अर्धी भिंत खाली आली, आणि त्याचं शिवणयंत्र उभंच्या उभं चरात उतरलं. शिंपी घरी जेवत होता म्हणून वाचला. तीन दिवस सगळ्या वस्तीच्या नळाला थेंब नाही. बाया रिकामी भांडी घेऊन माझ्याभोवती उभ्या राहून मला शिव्या द्यायच्या. द्या म्हटलं. पण पत्ता चुकलाय.

साहेब आले, पायरीवरचं फडकं उचललं आणि दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. इंजिन बंद असलं तरी लिव्हर ढकलला की बकेट वजनाने खाली येते. हे मात्र साहेबांना माहीत होतं.

“परीक्षेची हौस ना! सुट्टीच्या दिवशी गुपचूप सराव करायला बसली.”

“मी लिव्हरला हात लावला नाही,” ग्रीसवाली म्हणाली. “ती आपोआप येते. चारदा सांगितलं तुम्हाला.”

“ऐकलंत? आपोआप येते म्हणे! उद्या आपोआप घरी जेवायला पण येईल.”

लोक हसले. दोरमास्तर हसला नाही, पण तिच्या बाजूने बोललाही नाही. साहेबांनी तिथल्या तिथे तिला कामावरून थांबवलं आणि परीक्षेचा अर्ज बाजूला काढला. चौकशीत दोष लागला की नोकरी जाणार, आणि कुठल्याही मशीनवर आयुष्यात बसता येणार नाही. घरी तीन बोटं गेलेला नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी.

दुसरी कुणी रडली असती. ती म्हणाली, “चौकशी माझ्यासमोर करायची. आणि हिच्यासमोर.” हिच्यासमोर म्हणजे माझ्यासमोर. त्या दिवशी मला कुणीतरी साक्षीदार मानलं.

मुख्य ऑफिसातून एक वयस्कर अधिकारी आले. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. खोटं बोलणाऱ्याला ते फार जड जायचं. साहेब बोलता बोलता सारखा कॉलर नीट करत होते.

ग्रीसवालीने एकच मागणं केलं. “भरली बकेट होती तेवढ्या उंचीवर टांगा. केबिनला कुलूप लावा, किल्ली साहेबांनीच खिशात ठेवावी. आणि सगळ्यांनी बसून बघा.”

“बकेट काय नाटक दाखवणार आहे का?” साहेब म्हणाले.

“तिकीट नाही ना मागत मी. बसा की.”

अधिकाऱ्यांनी मान हलवली. मोकळ्या जागेत मला उभं केलं, बकेट भरून टांगली. ग्रीसवालीने खाली एक बांबू रोवला, वरचं टोक माझ्या दातांच्या वीतभर खाली. दोरमास्तरने डोक्यावरची टोपी काढली. चामड्याच्या शेंड्याची, कामावर सगळ्यात जुना म्हणून मिळालेली, तिला कुणी हात लावलेला त्याला चालायचा नाही.

“घे पोरी. ही ठेव बांबूवर. हिला धक्का लागला तर मी तुझं ऐकलं.”

नऊ वाजता सगळे बसले. दहा वाजले. टोपी आणि दातांमधे वीतभर हवा. अकरा वाजले. चहा झाला. वीतभर हवा. सकाळचं गार, मीही गार, माझं तेल मधासारखं घट्ट. मी हलावं म्हणून जीव तोडत होते, आणि माझंच अंग ऐकत नव्हतं. लोक कंटाळून गप्पा मारू लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं.

“झालं असेल तर माझी बरीच कामं पडलीत.”

 ग्रीसवाली उठून माझ्याजवळ आली आणि सिलिंडरवर हात ठेवला. तसाच हात ठेवून उभी राहिली. मग वळली.

“गार आहे ही. त्या दिवशी सकाळपासून राबून तापलेली होती. आधी तापवा हिला, मग टांगा.”

“आता नवीन अटी!” साहेब उसळले. “गार काय, गरम काय! लोखंड ते लोखंड.”

तेव्हा दोरमास्तर उठला. माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी आत्ताच कामावर आलेय.

“साहेब, दोरसुद्धा तापला की लांबतो,” तो म्हणाला. “तेलाचंही असेल. किल्ली द्या.”

“मास्तर, तुम्हीसुद्धा?”

“टोपी माझी आहे. किल्ली द्या.”

त्याने मला दोन तास पळवलं. खणायचं, भरायचं, वळायचं, ओतायचं. आणि खरं सांगते, त्या दोन तासांत त्याने एकदाही लिव्हर हिसकला नाही. पहिल्यांदा तो माझा पंप ऐकत होता. मग भरली बकेट पुन्हा टांगली, खाली पुन्हा बांबू, बांबूवर टोपी, केबिनला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात.

पहिल्या पंधरा मिनिटांत वीत राहिली नाही, चार बोटं राहिली. गप्पा बंद झाल्या. मग दोन बोटं. मग टोपीच्या शेंड्याला माझा मधला दात लागला.  टोपी हळूच दबली, एका बाजूला कलली, तिची शिवण उसवली, आणि बांबू कडकन मोडला.

केबिनला कुलूप तसंच होतं.

माझी साक्ष एवढीच. कुणी शपथ घालायची गरज पडली नाही.

संध्याकाळी ऑफिसात कागद तयार झाला. ऑफिसची खिडकी माझ्या बाजूला होती, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. साहेबांनी स्वतः लिहून काढलं आणि ग्रीसवालीपुढे सरकवलं. “सुटलीस तू. सही कर.”

ती ओठ हलवत वाचू लागली. साहेब बोटांनी टेबल वाजवत होते. ती शेवटच्या ओळीवर थांबली.

“दोष: तांत्रिक कारण. हा कोण?”

“कोण म्हणजे?”

“हा तांत्रिक कारण. कामावर कधी बघितला नाही मी. कुठे राहतो?”

अधिकाऱ्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. साहेब नाही हसले. “म्हणजे मशीनचा दोष. कुणा माणसाचा नाही. सगळ्यांच्याच सोयीचं आहे.”

“मशीनच्या सोयीचं नाही,” ती म्हणाली.

ऐकलंत? एवढ्या वर्षांत माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं वाक्य.

दोरमास्तर दारात उभा होता, चपटी टोपी हातात. “लिहा माझं नाव,” तो म्हणाला. “बकेट मी टांगली. हिने सांगितलं तेव्हा मी थट्टा केली. लिहा.”

साहेबांनी झटकन पेन उघडलं.

“थांबा,” ग्रीसवालीने कागदावर हात ठेवला. “मास्तरांना जे येत होतं ते त्यांनी केलं. नवीन मशीनचं कुणी शिकवलं त्यांना? पेटीच्या झाकणावर आतून यादी चिकटवलेली आहे. मी वाचलीय. पाने सहा, पिचकारी एक, सीलं चार, पुस्तक एक. सहा पाने माझ्याकडे, पिचकारी माझ्याकडे, सीलं माझ्याकडे. पुस्तक कुठंय?”

 अधिकाऱ्यांनी नुसता हात पुढे केला. खण उघडला. पुस्तकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, पेन्सिल कापायच्या पात्याने सोडवावी लागली. बाराव्या पानावर चित्र: मी, आणि माझी बकेट जमिनीवर. खाली दोन ओळी. अधिकाऱ्यांनी त्या मोठ्याने वाचल्या. मग ‘तांत्रिक कारण’ खोडलं, त्या जागी एका माणसाचं नाव लिहिलं, आणि ग्रीसवालीने सही केली, सावकाश, पूर्ण नावाने.

परीक्षेत ती पहिली आली असं सांगायला मला आवडलं असतं. चौथी आली. पण पास झाली. मग एकोणीस वर्षं ती माझ्यावर बसली. शेजारच्या छोट्या सीटवर पहिले सहा महिने दोरमास्तर बसायचा, चुका काढायला. नंतर त्या सीटवर बसून तो डुलक्या काढू लागला, तेव्हा मी समजले की ती आता बरी चालवते. काम सुटलं की बकेट जमिनीवर. कुणी हसलं तर दोरमास्तरच अंगावर जायचा.

माझ्यामागून पुष्कळ जणी आल्या. त्यांच्या सिलिंडरपाशी तेल अडवणारी वेगळी झडप असते, पाइप फुटला तरी बकेट धाडकन येत नाही. केबिनला काच, आत थंड हवा, आणि बोटाएवढी दांडी हलवली की टनभर माती डुलत येते. कुणी कुणी आता बॅटरीवर चालते म्हणे, आवाजच नाही. चांगलं आहे. माझा मत्सर नाही. पण त्यांचीही बकेट काम संपल्यावर जमिनीवरच टेकवतात, आणि ते लोकांना बाराव्या पानाने नव्हे, एका फुटक्या नळाने शिकवलंय.

आता मी काम करत नाही. मशीन चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेच्या फाटकात मला उभी करून ठेवलीय. रंग दिला तो फक्त रस्त्याच्या बाजूने. समोर पाटी रोवलीय. येणारे-जाणारे मोठ्याने वाचतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात, ऐकून ऐकून मला तो मजकूर तोंडपाठ झालाय: ‘तेलदाबावरील सुरुवातीची मशीन. हिच्यात बकेट आपोआप खाली येण्याचा गंभीर दोष होता. आपल्या संस्थापकांनी तो प्रथम शोधून काढला.’

संस्थापक कोण, ते फाटकावर सोनेरी अक्षरांत आहे. त्या चौकशीनंतर त्यांची बदली झाली. आम्हाला वाटलं शिक्षा झाली. बढती होती. तिथून ते वर चढत गेले, आणि त्यांचा दोष मात्र वर्षाला थोडा थोडा खाली सरकत आला, आणि शेवटी माझ्यावर येऊन टेकला.

परवा ग्रीसवाली आली. केस पांढरे, गुडघे गेलेले. तिची मुलगी याच शाळेत शिकवते. आईला सगळं दाखवायला घेऊन आली होती. ग्रीसवाली आधी माझ्याकडे आली, सिलिंडरवर हात ठेवला, सांध्यात बोट घालून बघितलं. “कोरडी ठेवलीय मेल्यांनी,” म्हणाली. मग पाटीकडे वळली.

ओठ हलू लागले. एकेक अक्षर. तिसऱ्या ओळीपर्यंत जायला तिला वेळ लागला, आणि मी एवढी कधी कुणाची वाट बघितली नव्हती.

“खडू आहे का ग तुझ्याकडे?” तिने मुलीला विचारलं.

“आई, काय करतेस? लोक बघतायत.”

“त्यांनी बघावं म्हणूनच. दे इकडे.”

तिने पाटीवरच्या ‘हिच्यात’ या शब्दावर आडवी रेघ मारली. मग त्याच शब्दावर आणखी दोन रेघा. ‘दोष’ हा शब्द तसाच ठेवला. शेजारी लिहायला हात उचलला, जरा थांबली, फाटकावरच्या सोनेरी नावाकडे बघितलं आणि मान हलवली. ते नाव तिला नको होतं. कामावरच्या प्रत्येकाला ठाऊक असलेलं हवं होतं.

शिकणारे गोळा झाले. मुलीने आईचा हात धरायला हात पुढे केला, आणि मग त्याच हाताने गर्दीला जरा मागे सारलं.

मला दया नको, नवा रंग नको. जे लिहिलं गेलं तेवढं पुसू नका. तिने मोठ्या, वाकड्या, पण एकेक पूर्ण अक्षरांत लिहिलं: इस्त्रीसाहेब.